चंबूतला समुद्र : जीवोत्पत्तीच्या शोधाची कहाणी

पावसानंतरच्या चिखलातून बेडूक, सडलेल्या मांसातून अळ्या आणि मळक्या कपड्यांतून उंदीर आपोआप जन्माला येतात, या मतावर युरोपातले विद्वान सुमारे दोन हजार वर्षे विसंबून होते. ॲरिस्टॉटलने त्याला आधार दिला होता आणि रोजच्या अनुभवात त्याच्या विरुद्ध काही दिसत नव्हते. आपल्याकडेही सजीवांच्या चार खाणी सांगितल्या जात. त्यांतली स्वेदज ही खाण घामातून आणि उबेतून उपजणाऱ्या उवा, ढेकूण, डासांची. सतराव्या शतकातल्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या फ्लेमिश रसायनशास्त्रज्ञाने तर उंदरांची कृतीच लिहून ठेवली आहे. मळका सदरा गव्हाबरोबर भांड्यात ठेवावा, 21 दिवसांत उंदीर तयार. हा माणूस गबाळा नव्हता. कुंडीत विलोचे रोप पाच वर्षे वाढवून त्याने आधीच्या आणि नंतरच्या मातीचे वजन काटेकोरपणे केले होते. मात्र गव्हाच्या वासाने उंदीर बाहेरून आला असेल का, ही शंका त्याला शिवली नाही.

ती शंका फ्लॉरेन्सच्या दरबारातला वैद्य फ्रान्सेस्को रेडी याला आली. 1668 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याने मांसाचे तुकडे बरण्यांत घातले, काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काहींच्या तोंडावर तलम कापड बांधले. उघड्या बरण्यांत माश्या शिरल्या आणि अळ्या झाल्या. कापड बांधलेल्या बरण्यांत मांस नुसते सडले. अळ्यांचे आईबाप सापडले. तरीही झाडांच्या पानांवर येणाऱ्या गाठींतले किडे झाडच निर्माण करते, असे रेडी मानत राहिला. जुनी समजूत एका प्रयोगाने मोडत नाही, ती फक्त मागे सरकते.

पुढे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जगात सरकली. डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी आंतोनी फान लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. उंदराला आईबाप असतात हे मान्य करणारेही या ठिपक्यांच्या बाबतीत अडू लागले. मांसाचा रस्सा उकळून ठेवला तरी चार दिवसांत तो गढूळ होई आणि भिंगाखाली जीवांनी भरलेला दिसे. जॉन नीडहॅम या इंग्रज पाद्र्याने 1748 मध्ये यातून जडद्रव्यात जीव निर्माण करणारी शक्ती असल्याचा निष्कर्ष काढला. इटलीच्या लाझारो स्पालान्झानीने चंबूंची तोंडे वितळवून बंद केली, रस्सा जास्त वेळ उकळला, आणि तो स्वच्छ राहिला. नीडहॅमचे उत्तर तयार होते: इतके उकळल्यावर ती शक्तीच मरते, शिवाय बंद चंबूत हवा नासते. हा वाद दोघांच्या हयातीत सुटला नाही. गंमत अशी की याच रीतीने नीकोला आपेर या फ्रेंच हलवायाने बरण्यांत अन्न टिकवण्याचा उद्योग उभा केला आणि 1810 मध्ये सरकारकडून बक्षीसही मिळवले. पोटापुरता प्रश्न सुटला होता, तत्त्वाचा तसाच होता.

तो पेटला 1858 मध्ये, फ्रान्समधल्या रुआँ शहरी. तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक फेलिक्स पूशे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले की, उकळलेला गवताचा काढा शुद्ध केलेल्या हवेच्या संपर्कात ठेवला तरी त्यात जीव उपजतात. पूशे आदरणीय प्राणिशास्त्रज्ञ होते आणि अकादमीचे पत्रव्यवहारी सदस्यही. अकादमीने या प्रश्नावर प्रकाश टाकणाऱ्या प्रयोगांसाठी 2,500 फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. लुई पाश्चर तेव्हा किण्वनावर काम करत होते. दूध आंबते, द्राक्षरसाची मद्यात परिणती होते, ते सूक्ष्मजीवांमुळे, आणि ते सूक्ष्मजीव हवेतल्या धुळीतून येतात, असे त्यांचे ठाम मत झाले होते. ज्येष्ठांनी या भानगडीत पडू नको असा सल्ला दिला तरी ते पडले.

त्यांचे सर्वात गाजलेले साधन म्हणजे हंसाच्या मानेसारखी लांब वाकडी नळी असलेला चंबू. चंबूतला साखर घातलेला यीस्टचा अर्क उकळून थंड केला जाई. नळीचे तोंड उघडे, त्यामुळे हवा आत येई आणि नीडहॅमचा जुना आक्षेप आपोआप गळून पडे. पण हवेतली धूळ नळीच्या बाकात अडकून राही. अर्क महिनोन्महिने निर्मळ राही. मान तोडली, किंवा चंबू कलता करून अर्क बाकापर्यंत नेऊन परत आणला, की दोन दिवसांत तो गढूळ.

मग 1860 मध्ये पाश्चर बंद चंबू घेऊन डोंगरात गेले. जूरा पर्वताच्या पायथ्याशी 20 चंबू उघडून पुन्हा बंद केले, त्यांतले 8 नासले. 850 मीटर उंचीवर 20 पैकी 5. मोंब्लांच्या हिमनदीजवळ, सुमारे 2,000 मीटरवर, 20 पैकी फक्त 1. हवेत जीव निर्माण करणारी शक्ती असती तर ती सगळीकडे सारखीच दिसली असती. प्रत्यक्षात जिथे धूळ कमी तिथे नासाडी कमी. 1862 मध्ये पारितोषिक पाश्चरना मिळाले.

पूशे यांनी हार मानली नाही. 1863 च्या उन्हाळ्यात दोन सहकाऱ्यांसह ते पिरेनीज पर्वतात आणखी उंच चढले, मालादेता हिमनदीपाशी चंबू उघडले, आणि त्यांचे सगळे चंबू नासले. अकादमीने चौकशी समिती नेमली. तिच्यात पाश्चरचे पाठीराखे उघड दिसत होते. 1864 मध्ये कार्यपद्धतीवरून वाद होऊन पूशे आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि निकाल एकतर्फी लागला. त्याच वर्षी 7 एप्रिलला पाश्चरनी सोरबोनमध्ये पॅरिसच्या प्रतिष्ठितांसमोर व्याख्यान दिले आणि स्वयंजननवादाला मूठमाती दिल्याची घोषणा केली.

या निकालाला राजकारणाचा वासही होता. जडद्रव्य स्वतःच जीव घडवू शकते म्हटले की निर्मात्याची गरज संपते, असा अर्थ नेपोलियन तिसऱ्याच्या फ्रान्समध्ये लावला जाई. डार्विनच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर 1862 मध्ये क्लेमाँस रॉयेर यांनी चर्चविरोधी प्रस्तावना जोडून छापल्यावर तर उत्क्रांती आणि स्वयंजनन ही एकाच नास्तिक गाठोड्यात बांधली गेली. पूशे स्वतः श्रद्धाळू होते, पण त्याने फरक पडला नाही.

आणि पूशे यांचे निरीक्षण खोटे नव्हतेच. 1876 मध्ये ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी दाखवले की गवतावर राहणारा एक जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू तयार करतो आणि ते उकळत्या पाण्यातही तगतात. पूशे यांच्या काढ्यात हे बीजाणू पहिल्यापासून होते. चंबूची हवा शुद्ध असली काय आणि नसली काय, ते रुजणारच. यीस्टच्या अर्कात ते नव्हते म्हणून पाश्चरचे प्रयोग साधले. पाश्चरनी पूशे यांचा प्रयोग गवताच्या काढ्याने करून पाहिला असता तर त्यांना अवघड गेले असते. लंडनमध्ये जॉन टिंडल यांना हे सोसावे लागले. 1876 मध्ये जुन्या गवताची पेंढी प्रयोगशाळेत आल्यानंतर, आधी निर्मळ राहणारे त्यांचे सगळे अर्क नासू लागले. शेवटी त्यांना मुक्काम क्यू येथील वनस्पती उद्यानात हलवावा लागला. त्यातूनच थांबून थांबून अनेकदा उकळण्याची रीत निघाली: पहिल्या उकळीत जिवाणू मरतात, बीजाणू उरतात, ते रुजले की पुढची उकळी त्यांना गाठते.

पाश्चरनी सिद्ध केले ते इतकेच की आजच्या पृथ्वीवर, उकळून निर्जंतुक केलेल्या द्रवात, बाहेरून काही आल्याशिवाय जीव उपजत नाही. लोकांनी त्याचा अर्थ लावला की निर्जीवातून सजीव कधीच घडू शकत नाही. या दोन विधानांतले अंतर पुढच्या साठ वर्षांत फार थोड्यांच्या लक्षात आले.

चार्ल्स डार्विन त्या थोड्यांपैकी. 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सिद्धांताचा गाभा साधा आहे. प्रत्येक जातीत पिल्ले जगू शकतील त्यापेक्षा जास्त जन्मतात. ती एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी असतात आणि हे वेगळेपण पुढच्या पिढीत उतरते. ज्याचे वेगळेपण परिस्थितीला सोयीचे, त्याची संतती जास्त. एवढे पुरेसे असेल आणि वेळ भरपूर असेल, तर एका पूर्वजापासून अनेक जाती फुटतात. मागे मागे जात हे सूत्र ओढले की सगळे सजीव एका किंवा मोजक्या आद्यरूपांपाशी पोचतात. पण नैसर्गिक निवडीला काम करायला आधी स्वतःची प्रत काढणारे काहीतरी हवे. ते कुठून आले, यावर डार्विननी ग्रंथात मौन पाळले. दुसऱ्या आवृत्तीत अखेरच्या वाक्यात निर्मात्याचा उल्लेख घातला आणि पुढे मित्र जोसेफ हूकर यांना लिहिताना त्याबद्दल खंत व्यक्त केली.

हूकरनाच 1 फेब्रुवारी 1871 रोजी लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी मन मोकळे केले. एखाद्या कोमट डबक्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, प्रकाश, उष्णता आणि वीज एकत्र येऊन प्रथिनासारखे एखादे संयुग तयार झाले असेल, आणि आज तसे झाले तर आजचे जीव ते लगेच फस्त करतील, असा त्या मजकुराचा आशय. पाश्चरच्या चंबूत जे दिसले आणि आद्य पृथ्वीवर जे घडले, यांत विरोध का नाही, याचे उत्तर या एका विचारात आहे. जीवनाने आपल्या जन्माची परिस्थिती स्वतःच संपवून टाकली. पण हे खाजगी पत्र होते आणि डार्विननी त्यापुढे काही केले नाही.

डार्विनचे सेनापती थॉमस हक्सले यांनी घाई केली. 1857 मध्ये अटलांटिकच्या तळातून काढलेल्या आणि कडक मद्यार्कात ठेवलेल्या गाळात 1868 साली त्यांना चिकट जेलीसारखे काही आढळले. त्यांनी ते जिवंत आद्यद्रव्य ठरवले आणि जर्मन उत्क्रांतिवादी अर्न्स्ट हेकेल यांच्या सन्मानार्थ बॅथिबियस हेकेली असे नाव दिले. समुद्राचा सगळा तळ या जिवंत लेपाने झाकलेला आहे, अशा कल्पना उडू लागल्या. 1872 मध्ये निघालेल्या चॅलेंजर जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणचा ताजा गाळ तपासला. जेली कुठेच मिळाली नाही. जहाजावरचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ब्युकॅनन यांच्या लक्षात आले की, गाळातल्या समुद्राच्या पाण्यात मद्यार्क मिसळला की जेलीसारखा कॅल्शियम सल्फेटचा साका बसतो. आद्यजीव बाटलीतच तयार झाला होता. हक्सलेंनी 1875 मध्ये चूक जाहीरपणे कबूल केली. हेकेल मात्र आणखी काही वर्षे नावाला चिकटून राहिले.

यानंतर प्रश्न बाजूला पडला. लॉर्ड केल्विन यांनी 1871 मध्येच जीवनाची बीजे अशनींवरून पृथ्वीवर आली असावीत असे सुचवले. स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती प्रकाशाच्या दाबाने अवकाशातून वाहत येतात असे मांडले. दोन्ही कल्पनांनी प्रश्न फक्त दुसऱ्या ग्रहावर ढकलला.

त्याला पुन्हा पृथ्वीवर आणले ते मॉस्कोतल्या अलेक्सांद्र ओपारिन या तरुण जीवरसायनशास्त्रज्ञाने. 1924 मध्ये रशियनमध्ये एक छोटी पुस्तिका छापून त्याने म्हटले की सजीव आणि निर्जीव यांच्यात पार करता न येणारी भिंत नाही. आधी साधी कार्बनी संयुगे, मग गुंतागुंतीची, मग त्यांचे गोळे, मग त्या गोळ्यांत टिकाव धरण्याची चुरस. पुस्तिका रशियाबाहेर कुणी फारशी वाचली नाही. 1936 मध्ये त्याने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर 1938 मध्ये निघाले. आद्य वातावरणात मुक्त ऑक्सिजन नव्हता. तिथे मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ होती, हे त्यातले कळीचे विधान. ते हवेत मारलेले नव्हते. गुरूच्या वातावरणात मिथेन आणि अमोनिया असल्याचे खगोलशास्त्रज्ञांना नुकतेच कळले होते. ऑक्सिजन नसण्याचे महत्त्व असे की कार्बनी रेणू त्याच्यामुळे भराभर मोडतात. आजचा ऑक्सिजन वनस्पती आणि त्यांच्या सूक्ष्म पूर्वजांनी नंतर सोडलेला.

ओपारिनचे लेखन ठाऊक नसताना जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1929 मध्ये इंग्लंडमध्ये जवळजवळ तेच लिहिले. ऑक्सिजन नाही म्हणजे ओझोनचा थर नाही. त्यामुळे अतिनील किरण थेट समुद्रापर्यंत पोचत, कार्बनी पदार्थ घडवत आणि ते खाणारे कुणी नसल्यामुळे साठत जात. समुद्राचे एक पातळ गरम सार तयार झाले होते, असे त्यांनी म्हटले. नैसर्गिक निवडीचे गणित मांडणाऱ्या तिघा प्रमुखांपैकी हाल्डेन एक. त्यामुळे निवड कुठल्या टप्प्यावर सुरू होऊ शकते, हा प्रश्न त्यांना इतरांपेक्षा स्पष्ट दिसत होता.

दोघेही मार्क्सवादी होते, आणि दोघांच्या वाटा ट्रोफिम लिसेंकोपाशी फाटल्या. लिसेंकोने सोव्हिएत आनुवंशशास्त्र उद्ध्वस्त केले तेव्हा ओपारिन सत्तेच्या बाजूला उभे राहिले. हाल्डेन आधी गुळमुळीत बोलले आणि मग कम्युनिस्ट पक्षापासून दूर झाले. 1957 मध्ये ते भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, 1961 मध्ये भारताचे नागरिक झाले आणि पुढे भुवनेश्वरला स्थिरावले. ओपारिन आणि हाल्डेन यांची भेट एकदाच झाली, 1963 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात वाकुला स्प्रिंग्ज येथे भरलेल्या परिषदेत. प्राधान्य ओपारिनचे आहे, हे हाल्डेननी तिथे मोकळेपणाने सांगितले. पुढच्याच वर्षी 1 डिसेंबरला भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले.

1952 पर्यंत मात्र दोघांचीही मांडणी कागदावरचीच होती. प्रयोग करून पाहणारा निघाला शिकागो विद्यापीठातला बावीस-तेवीस वर्षांचा विद्यार्थी. स्टॅन्ली मिलर तिथे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांच्याकडे काम करत होता. टेलर बाँबच्या कामासाठी कॅलिफोर्नियाला गेले आणि मिलर पोरका झाला. नोबेलविजेते हॅरॉल्ड यूरी यांनी आद्य वातावरणात हायड्रोजनयुक्त वायूंचे प्राबल्य होते, यावर दिलेले व्याख्यान त्याने ऐकले होते. 1952 च्या सप्टेंबरात तो यूरींकडे गेला. यूरी बिचकले. डॉक्टरेटसाठी हा विषय धोक्याचा. त्यापेक्षा अशनींतल्या थॅलियमचे प्रमाण मोज, असे त्यांनी सुचवले. मिलर हटला नाही तेव्हा सहा महिने ते वर्षभराची मुदत मिळाली.

उपकरण काचेचे होते. खालच्या छोट्या चंबूत उकळते पाणी, म्हणजे समुद्र. वाफ नळीने वरच्या पाच लिटरच्या चंबूत जाई. तिथे मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन, म्हणजे वातावरण. त्यात टंगस्टनच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडत राही, म्हणजे विजा. पुढे थंड पाण्याने वेढलेल्या नळीत वाफेचे पाणी होऊन ते खालच्या चंबूत परते. हे चक्र आठवडाभर चालवायचे. पहिल्या दिवशी पाणी गुलाबी झाले, आठवड्याच्या अखेरीस गडद लाल आणि गढूळ. पाण्याचा थेंब विशिष्ट कागदावर टाकून पसरू दिला आणि अमिनो आम्ले दाखवणारे निनहायड्रिन फवारले, तेव्हा जांभळे ठिपके उमटले. ग्लायसिन आणि ॲलानिनची दोन रूपे निश्चित ओळखता आली. ही प्रथिनांच्या घडणीत येणाऱ्या अमिनो आम्लांच्या घराण्यातली संयुगे, आणि ती मिळाली साध्या वायूंपासून.

मिलरला पाश्चरची आठवण ठेवणे भागच होते. अमिनो आम्ले जिवाणूही तयार करतात, तेव्हा चंबूत जिवाणू शिरले असतील असा आक्षेप पहिला येणार. म्हणून प्रयोग संपताच त्याने मर्क्युरिक क्लोराइड घातले, आणि नंतरच्या एका चाचणीत सगळे उपकरण निर्जंतुक करून पुन्हा तेच उत्पादन मिळवले. पूशे यांच्याविरुद्ध वापरलेला युक्तिवाद आता उलट्या दिशेने कामी आला: जीव नसतानाही जीवनाचे घटक बनतात. लेख 15 मे 1953 च्या ‘सायन्स’मध्ये आला, दोन पानांचा, फक्त मिलरच्या नावे. यूरींनी आपले नाव घालू दिले नाही. ते असते तर श्रेय त्यांनाच मिळाले असते, हे त्यांना ठाऊक होते. विज्ञानाच्या इतिहासात अशी सभ्यता फार वेळा दिसत नाही.

त्याआधी तीन आठवडे, 25 एप्रिलला, ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जाहीर केली होती. जीवनाच्या उगमाचा प्रश्न पुढच्या काळात याच शोधाने अवघड केला. अमिनो आम्ले मिळाली तर प्रथिने मिळतील, एवढ्यावर भागत नव्हते. प्रथिने बनवण्याची माहिती डीएनएत असते, आणि डीएनएची प्रत काढण्याचे काम प्रथिने करतात. आधी कोण?

1960 मध्ये ह्यूस्टनला काम करणाऱ्या कातालान रसायनशास्त्रज्ञ जुआन ओरो याने हायड्रोजन सायनाइड आणि अमोनियापासून ॲडेनिन मिळवले. आनुवंशिक अक्षरांपैकी एक अक्षर विषातून निघाले. 1967 च्या सुमारास कार्ल वूस, फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी सुचवले की, डीएनए आणि प्रथिने या दोघांच्याही आधी आरएनए असावा: तो माहिती साठवतो आणि घडी पडून कामही करू शकेल. तेव्हा हा तर्कच होता. 1982 मध्ये टॉमस चेक यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात स्वतःला कापून जोडणारा आरएनए दाखवला, लगेच सिडनी ऑल्टमन यांनी दुसरे उदाहरण दिले, आणि दोघांना 1989 चे नोबेल मिळाले. सर्वात भक्कम पुरावा 2000 मध्ये आला. पेशीत प्रथिने विणणाऱ्या रायबोसोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली तेव्हा अमिनो आम्ले जोडणाऱ्या जागी आरएनएच आढळला. प्रथिने बाजूला आधाराला. रायबोसोमची रचना उलगडणाऱ्या तिघांत वडोदऱ्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते; त्यांना 2009 चे नोबेल मिळाले. प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने आजही त्या जुन्या आरएनए यंत्रातच तयार होतात.

नैसर्गिक निवड पेशीशिवाय चालू शकते, हे इलिनॉय विद्यापीठात सॉल स्पीगेलमन यांनी 1967 मध्येच दाखवून दिले होते. जिवाणूला ग्रासणाऱ्या एका विषाणूचा आरएनए, त्याच्या प्रती काढणारे विकर आणि कच्चा माल एवढेच त्यांनी परीक्षानळीत घातले. थोड्या वेळाने त्यातला थेंब नव्या नळीत, मग पुढच्या, अशा 74 बदल्या. जो आरएनए लवकर प्रत काढून घेई तो पुढच्या नळीत जाण्याची शक्यता जास्त. नळीत जिवाणूला ग्रासण्याची गरज नव्हती, कवच बनवण्याची नव्हती. म्हणून ती माहिती टाकून देणारे रेणू जिंकत गेले. अखेरीस मूळ लांबीतला 83 टक्के भाग गळून गेला होता आणि उरलेला तोकडा रेणू झपाट्याने प्रती काढत होता. इथे पेशी नाही, चयापचय नाही, आणि तरी डार्विनचे तिन्ही टप्पे पूर्ण आहेत: प्रतींतल्या चुका, त्यांचा वारसा, आणि वेग कमी-जास्त असल्यामुळे होणारी निवड. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे फार कमी प्रयोगांतून दिसते. त्या नळीत सोपे होणेच फायद्याचे होते. विकर मात्र आयते दिलेले होते, ही या प्रयोगाची मर्यादा.

मिलरच्या वातावरणावरही आक्षेप आले. आद्य पृथ्वीच्या हवेत बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन असावा, असे भूशास्त्रज्ञांना वाटू लागले आणि त्या मिश्रणात उत्पादन बरेच घटते. घटक कुठे जमले यावर आज दोन मोठे तट आहेत. 1977 मध्ये गालापागोसजवळ समुद्रतळावर गरम पाण्याची मुखे सापडली, तिथे सूर्यप्रकाशाशिवाय जीवसृष्टी नांदत होती. काही संशोधक उगम तिथे शोधतात. म्युनिकचे गुंटर वेख्तरहॉयझर, पेशाने पेटंट वकील, यांनी 1988 मध्ये लोह आणि गंधकाच्या खनिजांच्या पृष्ठभागावर चयापचय आधी सुरू झाला, असे मांडले. दुसरा तट जमिनीवरच्या, ओल्या आणि सुक्या होणाऱ्या डबक्यांचा, म्हणजे डार्विनच्या बाजूचा. 2009 मध्ये जॉन सदरलँड यांच्या गटाने मँचेस्टरमध्ये आरएनएचे दोन घटक साध्या रेणूंपासून, आद्य पृथ्वीवर शक्य अशा मार्गाने, बनवून दाखवले. साखर आणि बेस (म्हणजे आनुवंशिक अक्षर) वेगळे बनवून जोडण्याचा हट्ट त्यांनी सोडला, म्हणून ते साधले. डबक्यांचे पारडे सध्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने जड आहे.

मिलर 2007 मध्ये वारले. त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा यांना 1950 च्या दशकातल्या प्रयोगांच्या कुप्या मिळाल्या. नीट चिठ्ठ्या लावलेल्या. 2008 मध्ये नव्या यंत्रांनी तपासल्यावर, ज्वालामुखीच्या वाफेचे अनुकरण करणाऱ्या एका जुन्या प्रयोगाच्या कुप्यांत 22 अमिनो आम्ले निघाली. मिलरना कागदावरच्या ठिपक्यांवरून मोजकीच ओळखता आली होती.

पृथ्वीबाहेरही हेच रसायन घडते. 28 सप्टेंबर 1969 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले सापडली. ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीचे निष्कर्ष 2025 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले: जीवसृष्टी वापरते त्या 20 अमिनो आम्लांपैकी 14, आणि डीएनए व आरएनएची पाचही अक्षरे. आरशातल्या प्रतिमेसारख्या डाव्या आणि उजव्या रूपांपैकी, सजीवांच्या प्रथिनांत अमिनो आम्ले जवळपास सर्वत्र डाव्या घडणीचीच असतात. बेन्नूच्या मातीत डावी आणि उजवी रूपे साधारण सारख्या प्रमाणात निघाली. त्यामुळे जीवनाने डावी बाजू केव्हा आणि का निवडली, हे त्या नमुन्यांवरूनही सांगता आलेले नाही.